चार वाजताची नाडी

नर्सिंग कॉलेजात तिला सगळ्या ‘घड्याळबाई’ म्हणत. बाकीच्या मुली पेशंटची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणत. ही पूर्ण मिनिट मनगट सोडत नसे. सरावाला एक मैत्रीण पेशंट होऊन आडवी झाली, तर हिचं मोजून होईपर्यंत तिला गाढ झोप लागली आणि दुपारची परीक्षा बुडाली. खोटं वाटत असेल तर त्या मैत्रिणीला विचारा, अजून बोलत नाही.

पदवी हातात आली तेव्हा घड्याळबाईसमोर दोन पत्रं होती. एक काचेच्या नव्या हॉस्पिटलचं, दुसरं जुन्या इस्पितळाचं. जुन्यात तिच्या आईने नर्स म्हणून एकतीस वर्षं काढली होती.

“तिकडे पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन,” आई म्हणाली. “माझ्या तर मोडल्याच आहेत त्या फरश्यांनी.”

“पण तुझ्याकडे बघूनच मी नर्स झाले ना?”

“मग नीट बघ की!” आईने सुजलेला गुडघा पुढे केला.

काचवाल्यांनी एक दिवस काम बघायला बोलावलं होतं. काचा इतक्या लखलखीत की दारात घड्याळबाईने समोरच्या पोरीला “आधी तुम्ही” म्हणून वाट दिली. तीही भिडस्त, हलेचना. शेवटी वॉचमन म्हणाला, “ताई, त्या तुम्हीच आहात.”

वॉर्डात नऊ नंबरला एक म्हातारे शिंपी होते. सकाळी दहाला तिने त्यांचा हात धरला आणि मिनिटभर सोडला नाही.

“काय गं, माप घेतेस का?” आजोबा धापा टाकत म्हणाले. “सैल ठेव हो. घट्ट कपड्यात जीव घुसमटतो.”

नाडी एकशे तीस भरली. ती धावतच मोठ्या सिस्टरांकडे गेली. सिस्टरांनी चार्ट उघडला. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंतची सगळी घरं सुबक अक्षरात भरलेली. नाडी बहात्तर, बहात्तर, बहात्तर.

“कागदावर तर छान आहे,” सिस्टर म्हणाल्या. “डॉक्टर कागद बघतात. उगाच कशाला बोलवायचं त्यांना?”

सव्वादोनला आजोबा गेले. चार्टवर मात्र चार वाजताही त्यांची नाडी बहात्तर पडत होती. ताप नाही. जेवण व्यवस्थित.

“अगंबाई, पान बदलायला हवं!” सिस्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला. “दोनपर्यंतच बहात्तर लिही आणि सही कर. उद्यापासून तू आमची.”

घड्याळबाईने पेनाचं टोपण लावलं आणि पर्स उचलली. दारातल्या त्या भिडस्त पोरीकडे तिने या वेळी बघितलंसुद्धा नाही.

घरी आई गुडघ्यांना मलम चोळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“किती लिहिली होती म्हणालीस?”

“बहात्तर.”

मलमाचा हात थांबला.

“आमचीही बहात्तरच असायची,” आई म्हणाली. “साठ खाटा नि मी एकटी. काय करणार? त्यापायी कुणी गेलं नाही.” मग बराच वेळ बोटाचं मलम पुसत राहिली. “म्हणजे, गेलं का ते कुणी बघितलं नाही.”

सकाळी घड्याळबाईने जुन्या इस्पितळाला होकार कळवला. निदान आपण तिथे मोजू, एवढ्याच हट्टाने.

पहिल्या दिवशी तिने प्रत्येक मनगट पूर्ण मिनिट धरलं. मधे सलाइन संपत होती, चादरी भिजत होत्या, कुणी उलटी करत होतं. ड्युटी संपायला आली तेव्हा तीन खाटांच्या चार्टवर नाडीचं घर रिकामं होतं. पाय असे सुजले होते की दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून आल्यासारखं वाटत होतं.

“आईची पोर ना तू?” मेट्रन मायेने म्हणाल्या. “तिची घरं कधी रिकामी नसत. भर पटकन आणि जा घरी.”

त्या तीन खाटा वॉर्डाच्या पार टोकाला होत्या. घड्याळबाईने तिकडे पाहिलं, मग खाली पायांकडे.

बहात्तर लिहायला काही केल्या हात धजेना.

तिने तिन्ही घरांत चौऱ्याहत्तर लिहिलं आणि सही केली.