पंधरावी पायरी

मी एक जुनी लोखंडी शिडी आहे. शिडी म्हटलं की, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकवलेली, काम संपलं की कोपऱ्यात आडवी होणारी शिडी येत असेल. तिचा मला हेवा वाटतो. तिला आडवं व्हायला मिळतं. मी एका टाकीच्या अंगाला कायमची जोडलेली आहे आणि गेली तेरा वर्षं उभीच आहे. ऊन असो, पाऊस असो, कोणी चढो न चढो, आपली उभी. थकले आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच माझा सूर उतरला तर तुम्ही वाईट वाटून घेणार नाही.

घोडेगावच्या अलीकडे राधाकृष्णदादांचा गाईंचा गोठा आहे. गाईंच्या भरड्यासाठी तिथे पत्र्याची उंच, गोल टाकी बसवली आहे. बसवणारे तिला सायलो म्हणायचे, गोठ्यात सगळे टाकीच म्हणतात. भरडा वरून भरायचा आणि खालच्या नळीतून काढायचा, असा साधा हिशेब. पण हवा दमट झाली की भरडा आत गच्च बसतो आणि खाली काही येत नाही. मग कोणीतरी वर जायचं, झाकण उघडायचं आणि लांब बांबूने तो ढोसून मोकळा करायचा. हे जवळजवळ रोजचंच काम.

माझ्या आधी हे काम गोठ्यातले कारभारी करत. टाकीला बांबूची शिडी टेकवून ते सरसर वर जात. एका पावसाळ्यात ती शिडी शेणावरून सरकली. कारभारींचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते हिंडूफिरू लागले, पण उजवा पाय कायमचा आखूड पडला. तेव्हापासून वर चढायचं काम त्यांच्या बायकोकडे, गीताबाईंकडे आलं. आणि राधाकृष्णदादांनी घाबरून गिदोन मिस्त्रींना निरोप धाडला की टाकीला पक्की शिडी जोडून द्या.

गिदोन मिस्त्रींचं घोडेगावात रस्त्याला लागूनच वेल्डिंगचं दुकान होतं. फाटकं, ट्रॉल्या, गव्हाणी, सगळं ते करत. कागदावर चित्र काढायची त्यांना सवय नव्हती. दुकानातल्या कोब्यावर त्यांनी खडूने मला आखलं. दोन उभे अँगल आणि सव्वा सव्वा फुटावर आडव्या पायऱ्या. माझं पहिलं रूप ते.

गीताबाई मापाला म्हणून आल्या आणि त्या खडूच्या रेघांकडे बघतच राहिल्या.

"मिस्त्री, हे माप कुनाचं?"

"माझंच की. जलम गेला माझा शिड्या चढन्यात."

"तुमी पाच हात उंच. प्यांट घालनारं मानूस. चढनार मी हाय, लुगडं नेसून. माझं माप कुटं हाय यात?"

गिदोन मिस्त्री रागीट म्हणून प्रसिद्ध होते. मला वाटलं, आता खडू फेकून मारतात. पण त्यांनी कोपऱ्यातल्या विटा आणल्या आणि चार विटांची फूटभर उंच चळत गीताबाईंच्या पुढे रचली. पाय ठेवा म्हणाले. लुगडं ताणलं गेलं आणि गीताबाईंनी भिंतीला हात लावला. एक वीट काढली, तर पाऊल सहज पडलं, पण मग पायऱ्या फार होतात म्हणून मिस्त्री कुरकुरले. शेवटी तीन विटा आणि वर एक कौल ठेवून झालं, तेव्हा गीताबाई म्हणाल्या, "बास. हितं."

मिस्त्रींनी टेप लावला. दहा इंच. त्यांनी आपली आखणी पायाने पुसून टाकली आणि मला नव्याने काढलं. एकवीस पायऱ्या. पायऱ्यांना गुळगुळीत पाइप न वापरता खरबरीत सळई घेतली. पत्र्यापासून मला वीतभर लांब ठेवलं. "पंजा पुरा बसला पायजे, नुसती बोटं न्हाई," असं ते कामगारांना सारखं बजावत होते. कमरेच्या उंचीपासून टोकापर्यंत पाठीमागून लोखंडी पट्टीची मोठी गोल कडी ओळीने लावली, म्हणजे माणूस मागे कलंडला तरी कड्यात अडकावा. माझे दोन्ही अँगल टाकीच्या काठाच्याही वर हातभर काढले, कारण झाकणावर पाय टाकताना हाताला काहीतरी लागतं. मित्रांनो, माझ्यात जे काही शहाणपण आहे ते त्या एका दुपारचं आहे. पुढे कोणी त्यात भर घातली नाही.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. नेवाशाकडचे गोठेवाले मला बघायला येत, मोबाईलवर फोटो काढून नेत. गीताबाई रोज सकाळी पदर खोचून, अनवाणी वर यायच्या. खाली कारभारी बाजेवर बसून वर बघत असायचे आणि रोज एकच शब्द म्हणायचे, "सावकाश." त्याही रोज एकच उत्तर द्यायच्या, "बघा तुमी तुमचं." या दोघांचा संसार मी असा वरखाली ऐकत आले.

मग कौतुक ओसरलं. ते कुणाचंच टिकत नाही, माझं काय टिकणार! माझ्या खालच्या पायरीला वासरू बांधू लागले. वरच्या पायऱ्यांवर दुधाची फडकी वाळू लागली. कॅमेऱ्याची वायर, बादल्या, जुना टायर, कुणाचा तरी रेनकोट, सगळं माझ्या अंगावर. एकदा माझ्या कड्याला कुणीतरी कोंबडी उलटी टांगली होती, आणि ती बिचारी मलाच दोष देत होती. मी काही म्हटलं नाही. म्हणणार तरी काय आणि कसं?

पण खरी अडचण वरती होती. भरडा चढवायच्या पाइपाचा एक जोड माझ्या पंधराव्या पायरीशेजारी आहे. तो थोडा सैल झाला. भुकटी गळायची, पायरीच्या कोपऱ्यात साचायची, दवाने ओली व्हायची आणि आंबायची. लोखंडाला हे सोसत नाही. त्या कोपऱ्यातलं वेल्डिंग आतून सडत गेलं. मला कळत होतं, पण खालून ते दिसत नव्हतं.

दिसलं नाही त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते सांगताना मला कसंतरीच होतं, कारण त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. ट्रॅक्टर, कुट्टी मशीन, दूध काढायचं यंत्र, सगळी धुऊनपुसून ओळीने मांडतात. मला उचलून मांडता येत नाही, म्हणून राधाकृष्णदादा माझ्यासाठी दरवर्षी चंदेरी रंगाचा डबा आणत. लांब दांडीला ब्रश बांधून, जमिनीवर उभं राहून, मन लावून रंग देत. जुन्या रंगावर नवा, गंजावर रंग, भेगेवर रंग. मग हळदकुंकू आणि झेंडूचा हार. "इतक्या वर्षांची शिडी हाय, पन बघा कशी नव्यासारखी!" असं पाहुण्यांना सांगत. मला ते प्रेम कळायचं. पण ते स्वतः माझ्यावर एकदाही चढले नव्हते. उंचीची त्यांना भीती वाटते.

मागच्या वर्षी भाद्रपदात गीताबाईंच्या पावलाखाली पंधरावी पायरी करकरली. त्या थांबल्या, पायाने परत दाबून पाहिली आणि खाली येऊन राधाकृष्णदादांना म्हणाल्या, "दादा, वरची पंधरावी पायरी हलती."

दादांनी माझ्या खालच्या दोन पायऱ्या हाताने गदागदा हलवल्या. "न्हाई हलत, मावशी."

"ह्या न्हाई हो. वरची."

दादांनी मान वर करून पाहिलं. वर रंग चकाकत होता. "बरं, खंडेनवमी आलीच हाय. तवा करू समदं."

गीताबाईंनी पुढे विषय काढला नाही. कारभारींना तर कळूच दिलं नाही. त्यांना कळलं असतं, तर त्यांनी बायकोला चढू दिलं नसतं आणि आखूड पाय घेऊन स्वतः चढले असते. गीताबाई एवढंच करू लागल्या की चौदावीवरून एकदम सोळावीवर पाय टाकायचा. म्हणजे वीस इंच. जिला एक फूट जड जात होतं ती बाई आता साठीच्या गुडघ्यांनी वीस इंचांची ढांग टाकत होती. रोज ती तिथे पोचली की माझा जीव टांगणीला लागे. ती पडली तर? कारभारींनी खाली बसून आणखी किती वर्षं काय काय बघायचं? मला एवढंच हवं होतं की तिचा पाय त्या पायरीवर पडू नये आणि कुणीतरी एकदा वर येऊन बघावं.

खंडेनवमी आली. दादांनी ठरल्याप्रमाणे सगळं केलं, म्हणजे रंग दिला. त्या वर्षी तर दोन हात दिले. पंधराव्या पायरीची भेग पार बुजली आणि ती सगळ्यांत देखणी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा. गीताबाई आणि कारभारी बौद्ध. त्या दिवशी विहारात कार्यक्रम असतो. गीताबाई पांढरं लुगडं नेसून सकाळीच पुढे गेल्या, कारण जेवणाची तयारी बायकांकडे होती. कारभारी पांढराशुभ्र सदरा घालून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात गाई ओरडायला लागल्या. नळीतून भरडा येत नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दादा घरात होते. उशीर होत होता. कारभारींनी काठी माझ्या पायाशी टेकवली आणि बाह्या वर केल्या.

मित्रांनो, मी ओरडले असते. माझ्या अंगात जेवढं लोखंड आहे तेवढं सगळं ओरडलं असतं. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा ते माझ्यावर चढत होते. दहा दहा इंचांच्या पायऱ्या त्यांच्या आखूड पायालाही झेपत होत्या. दहावी झाली, बारावी झाली, चौदावी झाली. त्यांनी चांगला पाय पंधरावीवर ठेवला आणि सगळा भार टाकला.

पायरी तुटून खाली गेली. कारभारी मागे कलंडले आणि कड्यात पाठीवर अडकले. हात अँगलला घट्ट, एक पाय माझ्या पायऱ्यांमधून आरपार आणि आखूड पाय हवेत.

राधाकृष्णदादा धावत आले. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वर पाहिलं आणि तो पाय खाली घेतला. त्यांनी गीताबाईंना फोन लावला.

विहार जवळच होता. गीताबाई पळत आल्या. तशाच त्या वर आल्या आणि कारभारींच्या खाली दोन पायऱ्या सोडून उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याचा हवेतला पाय हातात धरला.

"घाबरू नका. पाय सोडा सैल. हां. मी ठिवते."

त्यांनी तो पाय चौदाव्या पायरीवर ठेवला आणि त्यांना खालून आपला खांदा लावला. "आता दुसरा. सावकाश." असं एकेक पाऊल हातांनी ठेवत त्यांनी कारभारींना खाली आणलं. माझी एकेक पायरी मी श्वास रोखून धरली होती. श्वास मला नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

खाली आल्यावर कारभारी बाजेवर बसले. पांढऱ्या सदऱ्याला सगळा चंदेरी रंग लागला होता. दादा म्हणाले, "मावशी, कालच तर मी..."

"मी सांगितलं हुतं, दादा," गीताबाई म्हणाल्या. "पंधरावी म्हनून नाव घिऊन सांगितलं हुतं."

कारभारींनी मान वर केली. "म्हंजे तुला ठावं हुतं?"

गीताबाई म्हणाल्या, "तुमी चढला असता म्हनून न्हाई सांगितलं."

"आन् न्हाई सांगितलं म्हनूनच चढलो गं."

त्यावर त्या बाईला पहिल्यांदा रडू आलं. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. चूक माझी नव्हती, तरी वाटली.

गिदोन मिस्त्री आता थकले आहेत, वेल्डिंगने डोळे अधू झाले आहेत. तरी ते आले. त्यांनी हातोडीने माझी प्रत्येक पायरी वाजवून पाहिली. चांगली असेल ती खणखणीत वाजे, सडलेली बद्द. आणखी चार बद्द निघाल्या. सगळा चंदेरी रंग खरवडला, पाच पायऱ्या कापून नव्या बसवल्या, पाइपाचा जोड आवळला. आता मी ठिकठिकाणी काळी, लाल आणि ठिगळ लावल्यासारखी दिसते. मला बघायला कुणी येत नाही.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. राधाकृष्णदादा ताट आणि हार घेऊन माझ्याकडे आले. गीताबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पूजा मागनं करा, दादा. आदी चढा."

"मावशी, मला भ्या वाटतं, तुमाला ठावं हाय."

"मलाबी वाटतं. रोज."

दादांनी ताट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि चढू लागले. जड माणूस, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून थांबत होते, डोळे मिटत होते. घामाने माझे अँगल ओले झाले. एकविसाव्या पायरीवर पोचून त्यांनी खाली बघितलं. खाली गीताबाई होत्या, बाजेवर कारभारी होते. उतरल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मावशी, तुमी हे रोज करता?"

गीताबाईंना भरडा ढोसायचा होता. त्यांनी पदर खोचला आणि माझ्यावर पाय ठेवला.

मित्रांनो, मी थकलेली आहे आणि थकलेलीच राहीन. हार घातलात तर आवडेल, नाही घातलात तरी उभी असेन. पण जो रोज चढतो त्याने तुम्हाला सांगितलं की वर काहीतरी हलतंय, तर खालून नुसती मान वर करून बघू नका. चपला काढा आणि वर जाऊन बघा.