काचेच्या कपाटाबाहेर

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पण माझी कहाणी ऐकून कुणी हळहळू नका. मी रडगाणं गायला आलेलो नाही, भांडायला आलो आहे.

एका सुताराने माझी लाकडी दांडी तासली आणि पितळेची दोन पारडी साखळ्यांनी टांगली. "पोरांच्या हातात जायचाय, दणकट कर," असं तो मदतीला असलेल्या आपल्या भावाला बजावत होता. बिचारा! शाळेत आलो तो थेट मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात. गळ्यात पाटी, 'गणित साहित्य. हात लावू नये.' वर्षातून एकदा तपासणी आली की मला पुसूनबिसून टेबलावर मांडत. साहेब "वा, छान!" म्हणत आणि मी पुन्हा आत. अकरा वर्षांत मी एकही गणित पाहिलं नाही.

भिंतीपलीकडे सातवीचा वर्ग होता. मुख्याध्यापक स्वतः तिथे गणित शिकवत. रोज एका सुरात ओरड ऐकू यायची, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं!" एकदा एका मुलीने मध्येच विचारलं, "पण सर, का बदलतं?"

"का म्हणजे? नियम आहे. पाठ कर."

ती विचारत राहिली आणि नापास होत राहिली. शेवटी सरांनी तिच्या आईला चिठ्ठी लिहिली, की मुलीला गणित झेपत नाही, पुढच्या सत्रापासून तिचा हा विषय बंद करू. माझ्या डोळ्यांदेखत लिहिली. माझा नुसता तिळपापड झाला, पण कुलूप बाहेरून होतं.

त्याच आठवड्यात सातवीला गणिताच्या नव्या बाई आल्या. त्यांनी कपाटाची किल्ली मागितली.

"अहो, तुटला तर?" सर म्हणाले.

"तर दुरुस्त करू, सर."

वर्गात नेऊन बाईंनी माझ्या डाव्या पारड्यात दोन बंद पुड्या आणि तीन गोट्या ठेवल्या. उजव्यात अकरा गोट्या आणि पुड्यांच्या कागदाएवढेच दोन कोरे कागद. दांडी सरळ राहिली. "दोन्ही पुड्यांत सारख्याच गोट्या आहेत. न उघडता सांगा, किती?"

 तीच मुलगी उठली. तिने डावीकडच्या तीन गोट्या काढल्या, मी कललो. उजवीकडच्याही तीन काढल्या, मी सरळ झालो. "आठ उरल्या. म्हणजे एका पुडीत चार!" पुडी उघडली. चारच होत्या. "बाई, पलीकडे काही जातच नाही! आपण दोन्हीकडून सारखंच काढतो!"

मग काय, सगळा वर्ग माझ्यावर तुटून पडला. त्या झटापटीत माझी एक साखळी तटकन तुटली आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात.

"म्हणूनच कपाटात ठेवत होतो! आणा तो इकडे." त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती, मुलीला द्यायलाच ते आले होते.

मुलीने मान वर केली नाही. तिने बुटाची नाडी सोडली आणि तुटलेल्या साखळीची टोकं तिने जोडून बांधली. नाडीचं वजन वाढलं, ते पारडं खाली गेलं. सर म्हणाले, "बघा, बिघडला." तिने दुसऱ्या बुटाचीही नाडी सोडली आणि दुसऱ्या पारड्याला बांधली.

"अगं, ती साखळी तर धड आहे. तिला कशाला?"

"एकीकडे वजन वाढलं ना सर? मग दुसरीकडेही तेवढंच वाढवायला नको?"

मी हललो, डुललो आणि सरळ उभा राहिलो.  सरांनी चिठ्ठीची घडी केली आणि स्वतःच्याच खिशात घातली. मुलगी त्या दिवशी बूट फटक-फटक वाजवत घरी गेली.

त्या नाड्या आजही माझ्या अंगावर आहेत. तपासणीला साहेबांनी नाक मुरडलं, मुरडू देत. मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझी भावंडं काचेआड बसली असतील. त्यांची किल्ली मागा. मिळेपर्यंत मागा. आणि तुटण्याची भीती आम्हाला कुणी घालू नये. वर्गात कुणाच्या ना कुणाच्या बुटाला नाडी असतेच.