तीनदा लिहिलेला विषय

शाळेत तिला सगळे डबी म्हणत. पाचवीपासून तिच्या दप्तरात एक पत्र्याची डबी असे आणि तिच्यात स्क्रू, तारांचे तुकडे, जुन्या रिमोटची बटणं असलं काहीबाही खुळखुळत असे. आता ती अकरावीत गेली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. तिची धाकटी बहीण मुंगी नववीत होती. ती आवाज न करता आपल्या वाटेनं जाणारी, म्हणून मुंगी.

नववीपासून पुढे प्रत्येकाला एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. चित्रकला, संगीत, नाट्य किंवा कॉम्प्युटर. फॉर्मवर तीन रेघा असत: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. दरवर्षी कारकूनकाका पट्टी घेऊन आठवडाभर याद्या करत बसत, आणि दरवर्षी कुणाचे तरी पालक भांडायला येत, की शेजारच्याच्या मुलाला वशिल्यानं विषय मिळाला. यंदा कॉम्प्युटरच्या सरांनी मोठ्या बाईंना सांगितलं, "आमची डबी प्रोग्रॅम लिहील. भांडणच नको."

डबीनं लिहिला. काकांनी सगळे फॉर्म टाइप करून दिले, तिनं बटण दाबलं आणि यादी बाहेर आली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझा आठवडा हिनं चहा निवायच्या आत उरकला," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर डबीला पुढे बोलावलं. "यंत्राला ना मामा, ना काका," त्या म्हणाल्या. "तेव्हा वशिल्याचं नाव यंदा कुणी काढायचं नाही." टाळ्या पडल्या. भांडायला खरोखरच कुणी आलं नाही.

त्या यादीत चित्रकलेला आठ मुलं आली. बारापेक्षा कमी मुलं असली की तो विषय त्या वर्षी चालत नसे. कॉम्प्युटरला मात्र इतकी मुलं, की बसवायची कुठे हा प्रश्न. तेव्हा ठरलं, की चित्रकलेची खोली कॉम्प्युटरला द्यायची. दहा नवी मशीनं मंजूर झालीच होती, फक्त ठेवायला जागा नव्हती. चित्रकलेच्या बाई, ज्यांना सगळे चित्रबाई म्हणत, त्यांनी खालच्या वर्गांना रंग भरायला शिकवावं असं ठरलं. त्या बावीस वर्षं त्या खोलीत होत्या.

डबीला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, आनंद जास्त झाला. आतापर्यंत एका मशीनपुढे तीन डोकी बसत. एकानं टाइप करायचं, एकानं चुका काढायच्या आणि तिसऱ्यानं खिडकीतून बाहेर बघायचं. आता तिला तिचं एकटीचं मशीन मिळणार होतं. खिडकीशेजारचं धरायचं, हेही तिनं सरांना आणि घरी सांगून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी आई गणवेशांना इस्त्री करत होती. मुंगी कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक काढत होती. टोक झालं तरी काढतच होती.

"अगं, ती पेन्सिल संपेल आता," आई म्हणाली. "संपली तर तुझ्या ताईच्या डबीतला स्क्रू घेऊन लिहिशील का?"

मुंगी हसली नाही.

"हिला काय झालंय?" डबीनं विचारलं. "कॉम्प्युटर मिळालाय ना? माझ्याच विषयाला आलीस की! मी शिकवीन तुला."

"मी नव्हता मागितला."

"मग दुसरी पसंती असेल. पहिली काय लिहिली होतीस?"

"चित्रकला."

"आणि दुसरी?"

"चित्रकला."

"तिसरी?"

"तीन रेघा होत्या," मुंगी म्हणाली. "म्हणून तीनदा लिहिलं."

"वेडी आहेस का गं? तीन वेगळे लिहायचे असतात!"

"वेगळे लिहा असं कुठे लिहिलं होतं? मला दुसरं काही नकोच होतं."

आईनं इस्त्री उभी करून ठेवली आणि दोघींकडे बघितलं. प्रोग्रॅममधली एक ओळ डबीच्या डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ दिसायला लागली होती.

"मग यादी लागली तेव्हा बोलली का नाहीस?"

मुंगीनं पेन्सिल खाली ठेवली. "यंत्र कुणाचं ऐकत नाही म्हणाल्या ना मोठ्या बाई. मला वाटलं, माझी चित्रं त्याला आवडली नसतील."

"त्यानं तुझी चित्रं बघितलीच नाहीत गं," डबी म्हणाली.

सोमवारी शाळा भरायच्या आधी ती लॅबमध्ये जाऊन बसली. ओळ होती तिथेच होती. गेल्या वर्षी एका शहाण्यानं फॉर्मवर 'झोप, झोप, झोप' असं लिहिलं होतं, म्हणून सरांनी सांगितलं होतं, की चेष्टेचे फॉर्म बाजूला काढ. चेष्टेचा फॉर्म ओळखायचा कसा? डबीनं विचार केला होता, की एकच उत्तर पुन्हा पुन्हा लिहिलं तर ती चेष्टा. असे फॉर्म प्रोग्रॅम बाजूला ठेवी आणि शेवटी, ज्या विषयाला सगळ्यात जास्त मागणी त्यात ती मुलं ढकलून देई. सगळ्यात जास्त मागणी होती कॉम्प्युटरला.

काकांकडून कपाटाची किल्ली मागून तिनं गठ्ठा काढला. असे नऊ फॉर्म होते. एकात कॉम्प्युटर तीनदा, दोनांत संगीत तीनदा, आणि राहिलेल्या सहांत चित्रकला, चित्रकला, चित्रकला. एकानं तर तिसऱ्या रेघेवर शब्दाशेजारी छोटी टोकदार पेन्सिल काढली होती.

आठ आणि सहा, चौदा.

गठ्ठा छातीशी धरून ती जिना उतरली. चित्रकलेच्या खोलीचं दार उघडं होतं. वायरमन भिंतीवर खडूनं चौकोन आखत होता, एकेका सॉकेटसाठी एकेक. चित्रबाई स्टुलावर उभ्या राहून जुनी चित्रं उतरवत होत्या.

"बरी आलीस," त्या म्हणाल्या. "धर हे. तुझंच आहे."

पाचवीतलं चित्र होतं. झाकण उघडलेली पत्र्याची डबी.

"आठवतं? आत अकरा स्क्रू होते आणि तू अकराच काढलेस. मी म्हटलं, चार-पाच दाखवले तरी चालतील. तर तू म्हणालीस, नाही बाई, मोजून आणलेत." चित्रबाई हसल्या. "आणि हे बघ, यादीचं मनाला लावून घेऊ नकोस. मोजणाऱ्यावर माझा राग नाही. आकडा तो आकडा."

त्या रागावल्या असत्या तर डबीला सोपं गेलं असतं.

"दादा, तो चौकोन जरा डावीकडे घ्या," चित्रबाई वायरमनला म्हणाल्या. "खिडकीचा उजेड त्या... काय म्हणतात त्याला, स्क्रीनवर येईल. पोरांचे डोळे दुखतील."

डबी तिथून निघाली ती थेट सरांकडे. सर मशीनांच्या कागदांवर सह्या करत होते. तिनं नऊ फॉर्म त्यांच्यापुढे पसरले आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांनी एकेक फॉर्म उचलून वाचला. मग ते मान चोळायला लागले. त्या दहा मशीनांसाठी त्यांनी चार वर्षं अर्ज केले होते, हे डबीला माहीत होतं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही सर. अजून कुणालाच नाही."

"तुला ती खिडकीजवळची जागा हवी होती ना?"

"हो सर."

"मलाही तुला द्यायची होती." सरांनी पेनाला टोपण लावलं. "चेष्टेचे फॉर्म काढ असं मीच म्हणालो होतो. चेष्टा म्हणजे काय ते मात्र सांगितलं नाही. चल, ऊठ."

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, यंत्राला मामा नाही असं मी सगळ्यांसमोर सांगून बसले की!"

"मामा नाहीच बाई," डबी म्हणाली. "पण त्याला मी शिकवलं होतं. मनापासून एकच गोष्ट मागणारं कुणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मोठ्या बाईंनी पुन्हा एकदा फॉर्म मोजले. "मग आता तूच सांग सगळ्यांना. टाळ्याही तूच घेतल्या होत्यास."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तिनं सांगितलं. नऊच्या नऊ फॉर्मांचं सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "डबी फुटली!" सगळी शाळा हसली. तिचे कान लाल झाले. हसू थांबेपर्यंत ती थांबली, मग नवी यादी वाचायला लागली. मुंगीचं नाव आलं तेव्हा मुंगीनं फक्त बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. नाडी आधीच बांधलेली होती.

चित्रकलेची खोली चित्रकलेलाच राहिली. दहा मशीनं आली, पण लावायची कुठे? कोठार रिकामं झालं की पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. तोवर खोकी ठेवायला कोरडी जागा एकच होती. चित्रबाई म्हणाल्या, "आणा माझ्याकडे. कोपरा आहे."

पंधरा दिवसांनी डबी मुंगीला बोलवायला गेली. लॅबमध्ये अजून एका मशीनपुढे तीन डोकी बसत होती, आणि आज खिडकीतून बाहेर बघायची पाळी तिची होती. चित्रकलेच्या खोलीत चौदा मुलं गोल बसली होती. मध्ये ती दहा खोकी, एकावर एक, काही आडवी, काही तिरकी. भिंतीवर वायरमनचे खडूचे चौकोन तसेच होते.

डबी मुंगीच्या मागे जाऊन उभी राहिली. कागदावर सगळ्यात वरचं खोकं हुबेहूब उतरलं होतं, दबलेल्या कोपऱ्यासकट.

"हे तुझं, ताई," मुंगी मान वर न करता म्हणाली. "खिडकीजवळचं."

"माझं कसलं? पुढच्या वर्षी कुणाला मिळेल कुणास ठाऊक."

"तोवर नीट उभी राहा ना. उजेड अडवतेस."

डबी बाजूला सरकली.