निळं म्हणजे कसलं निळं?

लग्न होऊन आली तेव्हापासून सासरी तिला सगळे 'हूंबाई' म्हणत. काहीही विचारा, उत्तर एकच: हूं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी आला की घाट, पूल, समुद्रकाठचे रस्ते असं काय काय रंगवून सांगायचा आणि ती भाजी चिरता चिरता हुंकार भरायची. स्वतः कधी गावाची वेस ओलांडून फारशी गेली नव्हती. मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि मग घरात बोलणारं माणूस एकच उरलं.

पुढे काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. डॉक्टरांनी हात टेकले. ज्याचा पाय घरात ठरत नव्हता, तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसू लागला आणि हळूहळू बोलेनासा झाला. जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागे.

ती शांतता असह्य होऊन एका दुपारी तिनं टीव्ही लावला. कुठल्याशा देशाची सफर चालली होती. निवेदक टेकडीच्या टोकावर उभा राहिला, या दृश्याला शब्दच नाहीत म्हणाला, आणि पुढे नुसतं संगीत.

"शब्द नाहीत तर टीव्हीवर आलास कशाला?" नवरा खेकसला.

किती दिवसांनी त्याचा आवाज चढला होता. तिला उलट बरंच वाटलं. न राहवून तिनं सांगितलं, खाली तळं आहे, निळं.

"निळं म्हणजे कसलं निळं?"

ती अडली. मग म्हणाली, "तुमचा तो विटलेला शर्ट आठवतो? खिसा उसवला तेव्हा खालचं कापड मूळ रंगाचं निघालं होतं. तसं."

त्यानं खिडकीकडचं तोंड टीव्हीकडे वळवलं. मग म्हणाला, "दिसलं."

तेव्हापासून रोजचंच झालं. पण गिऱ्हाईक चोखंदळ होतं. रस्त्याला उतार किती, कठडा दगडी की लोखंडी, बाजारातली म्हातारी हसते ती खरं की कॅमेऱ्यासाठी, सगळं त्याला हवं असे. ती सांगेपर्यंत चित्र पुढे पळे, मग दोघांची जुंपे. एकदा घाईत तिनं एक उंट पदरचा घुसडला, तर त्यानं बर्फात उंट कुठून आला म्हणून तिला पकडलंच. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई ब्लाऊजचं माप घ्यायला आली आणि कार्यक्रम संपेपर्यंत टेप गळ्यात घालून बसून राहिली. तिचे डोळे धडधाकट होते, घरी टीव्हीही होता. तरी दुसऱ्या दिवशी ती परत आली, कारण इथं जास्त दिसतं म्हणे.

ही गोष्ट शिंपीणबाईनं वाचनालयाच्या बाईंच्या कानावर घातली. वाचनालयाच्या सभागृहात डोंगरातल्या रेल्वेवरचा एक प्रवासपट मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता आणि अंधांच्या वसतिगृहातली मंडळीही येणार होती. तिथं पडद्यावरचं सांगाल का, असं विचारायला बाई घरी आल्या. तिनं तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं होकार देऊन टाकला. त्या दिवशी त्याला जेवण मिळालं, पण मुकाट्यानं.

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या काठ्या मांडीवर घेऊन माणसं बसलेली. माईक तिच्या हातात आला. पडद्यावर गाडी सुटली, वळण घेऊन दरीत उतरली, तरी हिच्या तोंडून अक्षर नाही. मागे कुजबूज सुरू झाली. माईक खाली ठेवून पळावं, एवढंच तिच्या मनात होतं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या अंध आजीबाईंनी तिची बाही ओढली.

"पोरी, गाडी कुठवर आली गं?"

त्या एका आजींना म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली. गाडी पुलावर आलीय, पूल तिच्याहून जेमतेम रुंद आहे. दारात बसलेल्या मुलीनं चप्पल पडू नये म्हणून हातात धरलीय. समोरचा डोंगर कसा, तर कणीक मळून अर्धवट सोडल्यासारखा. कुजबूज थांबली. पडद्यावरचा निवेदक मध्येच इतिहास सांगू लागला, तशी ती म्हणाली, "अहो, जरा थांबा, इथं धबधबा चाललाय." सभागृह हसलं. आणि तिला कळलं की ही माणसं आपल्या मागे बसलेली नाहीत, आपल्या डब्यात बसली आहेत.

गाडी बोगद्यात शिरली. पडदा काळाठिक्कर.

"आता," ती म्हणाली, "आम्हा सगळ्यांना तुमच्याइतकंच दिसतंय."

पहिली रांगच आधी खदखदून हसली आणि पाठोपाठ सगळं सभागृह. काठ्या जमिनीवर आपटू लागल्या. आजीबाई डोळे पुसत होत्या. गाडी उजेडात आली तरी टाळ्या थांबेनात, तेव्हा तिनं हात वर करून लोकांना गप्प केलं, कारण समोर दरीभर फुलं होती आणि ती सांगायची राहून जात होती.

शेवटी वाचनालयाच्या बाई दर महिन्याला याल का म्हणून विचारायला आल्या. शेजारी नवरा उभा होता, मान ताठ, जणू गाडी त्यानंच चालवली होती. पण या वेळी उत्तर द्यायची घाई त्यानं केली नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण चित्रपट मला आधी बघायला द्यायचा. आणि पुढच्या वेळी समुद्र आणा. मला समुद्र सांगायचाय."