नको म्हटलेलं सूप

आजारी माणसाला भेटायला जाताना आपण काय घेऊन जातो? पिशवीभर फळं आणि तोंडभर सल्ले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आमच्या घड्याळजींची थोरली बहीण, ताई, आली तीही अशीच.

घड्याळजींची दोन्ही मूत्रपिंडं वर्षापूर्वीच निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी मापून प्यायचं. बायको भाजीसुद्धा चिरून भिजत घालायची आणि ते पाणी ओतून देऊन मगच शिजवायची. टोमॅटो तर घरातून हद्दपारच झाले होते.

"काय रे ही दशा! पार चिपाड झालायस," ताई म्हणाली. "अंगात रक्त कुठेय? हे बघ, परसातले टोमॅटो आणलेत. कसे लालबुंद!"

"ताई, त्यांना टोमॅटो चालत नाहीत हो," बायको हळूच म्हणाली.

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! खत नाही, औषध नाही, घरचे आहेत. एवढ्यानं काय होतंय?"

शनिवारी बायको लाँड्रीत कामावर गेली आणि ताईनं सूप केलं. वाटी समोर आली तेव्हा घड्याळजी म्हणाले, "नको गं ताई."

"नको? मग मी आले कशाला इतक्या लांबून? जाते परत."

आई गेल्यावर हिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यांनी वाटी तोंडाला लावली. ती आंबटगोड चव! वर्षभरात जिभेला चव अशी ठाऊकच नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. भावाला बरं वाटतंय, असं ताईला वाटलं. तिनं आणखी एक वाटी भरली. रविवारीही तेच. बायकोला दोघांनीही सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी डायलिसिस होतं. त्याआधी थोडं काम उरकावं म्हणून घड्याळजी दुकानात बसले. डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला, पण बोटं ऐकेनात. उठायला गेले तर पाय शिशाचे झालेले. तिथंच कोसळले.

हॉस्पिटलात त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून ते पुन्हा सुरू केलं. जीव वाचला, पण तेवढ्या मिनिटांत मेंदूला इजा झाली. वस्तू धरायला हात पुढे केला की आता हाताला झटके येत. केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस पाण्याचा पेलाही धरू शकत नव्हता.

"पण मी विष नव्हतं हो दिलं!" ताई डायलिसिसच्या सिस्टरसमोर रडू लागली. "साधे टोमॅटो ते!"

"तुमच्या-माझ्यासाठी साधेच," सिस्टर म्हणाली. "त्यात पोटॅशियम असतं. जास्तीचं आपल्या लघवीतून निघून जातं. यांचं निघत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयावर घाला घालतं. त्यातून मधले दोन दिवस मशीन नाही. एखाद्या पेशंटला एखादी फोड चालते, एखाद्याला तीही नाही. ते रिपोर्ट बघून ठरतं, आपल्या मायेवरून नाही."

"मग त्यानं मला सांगायचं ना!"

"सांगितलं नव्हतं?"

ताईला ती सुपाची वाटी आठवली. नको गं ताई! सांगितलं होतं की! भावजयीनं सांगितलं होतं, त्यानंही सांगितलं होतं. आपणच दोघांचं तोंड बंद केलं!

ती खाटेजवळ गेली. भाऊ छताकडे बघत होता. "माझं चुकलं रे," ती म्हणाली. "तुला काय देऊ? तूच सांग."

त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "आता काय उरलंय, ताई? काही नको. बसून राहा नुसती."

ताई बसली. त्याचा झटके देणारा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला. तो काही थांबला नाही.

वाचकहो, त्या बहिणीच्या मायेत खोट नव्हती. खोट होती ती आपल्या सगळ्यांच्याच सवयीत. समोरचा नको म्हणतो, आणि आपल्याला तो संकोच वाटतो. आजारी माणसाचं 'नको' पुष्कळदा त्याच्या जिवाच्या काळजीनं आलेलं असतं. त्याच्या ताटात काही वाढण्याआधी विचारा. आणि त्यानं नको म्हटलं, तर तुमचा हात तिथंच थांबू द्या!