कवळीकाकांचा अकरावा दिवस

मेणात बसवलेला दात तिसऱ्यांदा तिरका झाला, तेव्हा कवळीकाकांनी चिमटा टेबलावर आपटला.

"काय झालं हो?" पलीकडच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. हात ऐकत नाहीत."

दातांच्या दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत ते तीस वर्षं कवळ्या घडवत होते. कितीतरी म्हातारी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी जेवत होती. आणि ही तीस वर्षं, दर दोन तासांनी, ते मागच्या दाराशी उभं राहून सिगारेट ओढत होते. महिन्यापूर्वी बाईंना त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासून आला. "अजून वाईट काही नाही," बाई म्हणाल्या, "पण ओढत राहिलात तर पुढचं मी सांगायला नको."

सिगारेट सोडल्याचा आज अकरावा दिवस होता.

सोडताना बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं : चहा-कॉफी कमी, तेलकट कमी, फळं, काकडी, गाजर, दूध. "दूध प्यायल्यावर सिगारेट बेचव लागते बऱ्याच जणांना. आणि वेळेवर जेवा. उपाशी पोटी तलफ जास्त छळते."

बायकोनं तो कागद शिरसावंद्य मानला. चहा घरातून हद्दपार झाला. डबा उघडला की गाजरं. आज सकाळी तिनं पुन्हा दुधाचा पेला पुढे ठेवला आणि काकांचा तोल गेला.

"चहा दे."

"अहो, कागदात लिहिलंय…"

"खड्ड्यात गेला तो कागद! सिगारेट सोडलीय मी, संन्यास नाही घेतला!"

पेला कलंडला. ती फरशी पुसू लागली, आणि काका डबा न घेताच बाहेर पडले.

दुपारी दवाखान्यातले सगळे जेवायला बसले तेव्हा ते रागानंच उपाशी राहिले. चारच्या सुमारास पोटात खड्डा पडला, डोकं हलकं झालं. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. पहिला घोट घशाखाली उतरला आणि हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. टपरीवाल्याकडे मात्र सिगारेट होती.

खोटं कशाला बोला, स्वर्ग होता तो. चार मिनिटांचा.

परत येऊन त्यांनी चिमटा उचलला. दात पहिल्याच खेपेला सरळ बसला. याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

बाई कवळी बघायला आल्या आणि वासानं थबकल्या. "काका?"

"हो. ओढली."

"दुपारी काय जेवलात?"

"काही नाही."

"सकाळी?"

"भांडण."

बाईंना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. "तीस वर्षं पोटानं भाकर मागितली की तुम्ही धूर दिलात. आता बिचाऱ्याला नीट मागताही येत नाही. भूक लागली तरी ते सिगारेटच मागतं. आधी जेवा, मग तलफेशी भांडा."

काका घरी आले तेव्हा बायको कपाळाला फडकं बांधून आडवी झाली होती.

"डोकं दुखतंय?"

"अकरा दिवस दुखतंय. चहा एकदम सुटला की दुखतं म्हणे."

"तू कशाला सोडलास?"

"घरात चहा उकळला असता तर तुमचा निभाव लागला असता का?"

काका चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले. मग म्हणाले, "आज एक ओढली मी."

ती कपाळावरचं फडकं आवळत उठली. "हातपाय धुवा. जेवून घ्या."

काका पोटभर जेवले. शेवटचा घास संपला आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखी तलफ दारात येऊन उभी राहिली. ते झटक्यात उठले आणि बायकोच्या पुढ्यातली ताटलीही त्यांनी उचलली.

"अहो, राहू द्या, मी घासते."

"तू बस."

बाह्या सारून त्यांनी दोन्ही हात साबणाच्या पाण्यात बुडवले. ताटल्या झाल्या, पातेली झाली. ती डोक्याचं फडकं सोडून दाराशी येऊन उभी राहिली. खरकटी भांडी संपली, तेव्हा काकांनी फडताळातली धुतलेली भांडी खाली काढली आणि तीही घासायला घेतली.