मांजरीनं पिलं बाहेर नेली

जानेफळच्या पुंजाजीनं नवी खोली बांधली तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं होतं. सिमेंटचा गिलावा, डोक्यावर गर्डर टाकून घातलेली फरशी, आणि सागाचं दार असं घट्ट बसवलेलं की लावलं म्हणजे फटीतून सुतळीसुद्धा जाऊ नये. गावातली बाकीची घरं मातीच्या धाब्याची. छताला धूर जायला भोक, भिंतीला उंदरांची बिळं, दाराखाली बोटभर फट. पुंजाजी येईल त्याला आत उभा करायचा, दार लावायचा आणि विचारायचा, "लागून राह्यला का वारा? सांग बे, लागून राह्यला का?" माणूस नाही म्हणाला की स्वारी खूश.

त्या खोलीत पहिल्यांदा राहायला आली ती त्याची लेक आशा. अमडापूरला दिलेली पोर, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच गेलेलं, त्यामुळं ह्या खेपेला तिची आई गोजरबाई देव पाण्यात घालून बसली होती. ऐन पौषात, कडाक्याच्या थंडीत मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, अंगानं भरलेली. गोजरबाईला आभाळ ठेंगणं झालं.

पुंजाजीनं मेहकरहून दोन पोती कोळसा आणला. "लाकडाचा धूर लेकराच्या डोयात जाते," तो म्हणाला. "ह्या कोयशाले धूरच नाई. पाह्य." खरंच नव्हता. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, खिडकीत गोणपाट कोंबलं, दार लावलं. सगळ्याच बाळंतिणींना असा शेक देतात, त्यात कुणाला वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आशानं डोकं धरलं. "माय, कपाळात घण मारल्यावाणी होऊन राह्यलं व," ती कण्हायची. उलटी झाली. उठायला गेली तर गुडघे वळले. गोजरबाई सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लावत बसली, आणि तासाभरानं तिचंही डोकं ठणकायला लागलं. जागरणं काय कमी झाली होती! त्याचंच असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली. सकाळी आशाला आंघोळीसाठी अंगणातल्या न्हाणीत नेलं की पोर सुधारायची. हसायची, सासूच्या नकला करायची, भाकर मागायची. परत खोलीत येऊन तासभर झाला की पुन्हा डोकं, पुन्हा ओकारी. गोजरबाईनं हे सुईणीला सांगितलं. सत्यभामाबाई सुईण म्हणजे अर्धं गाव जिच्या हातांत जन्मलं ती बाई, तिच्यापुढं पाटलाचाही आवाज निघायचा नाही. ती फणकारली, "मंग? बाहीर नेता, वारं लागते, तेच डोक्यात चढते. आंघोय आतच घाल. बाराव्या दिसालोक तिले उंबऱ्याबाहीर काढू नोको."

झालं! पोरीला ज्यानं गुण येत होता तेच नेमकं बंद केलं. चौथ्या दिवशी आंघोळ आतच उरकली, आणि त्या दिवशी आशा एकदाही हसली नाही.

आता मांजरीचं सांगायला हवं. भुरी तिचं नाव. ती आशाच्या आधी आठ दिवस व्याली होती, ह्याच खोलीच्या कोपऱ्यात, कापसाच्या टोपल्यात. तीन पिलं. सुईण म्हणाली हाकला तिला, पण आशानं ऐकलं नाही. "राहू दे व मावशी. ते बी बायतीन, मी बी बायतीन."

चौथ्या दिवशी ही भुरी एक पिलू तोंडात धरून दाराशी आली आणि दार खरवडायला लागली. गोजरबाईनं दार उघडलं तशी बाहेर पळाली, अंगणातल्या तुराट्यांच्या ढिगाखाली पिलू ठेवलं आणि दुसरं न्यायला परत आली. मांजर आपली पिलं सात घरं फिरवते हे कुणाला ठाऊक नाही? बाहेर थंडी मरणाची. गोजरबाईनं पिलू उचलून पुन्हा टोपल्यात ठेवलं. भुरीनं पुन्हा नेलं. हिनं पुन्हा आणलं. दिवसभर दोघींची अशी हुज्जत चालली आणि शेवटी गोजरबाई जिंकली, कारण दाराची कडी तिच्या हातात होती.

पाचव्या दिवशी सकाळी भुरी टोपल्यातून उठली ती तिरपी चालली. भिंतीवर आदळली. मागचे पाय फाकले आणि दारुड्यासारखी तिथंच बसली. गोजरबाईनं वळून पाहिलं. बाजेवर आशा डोळे मिटून पडली होती. हाक मारली तर नुसतं "अं" म्हणाली, पुढं शब्द नाही. लेकरू छातीला लावलं तर ओढत नव्हतं. गाल मात्र असे गुलाबी की पाहायला येणाऱ्या बायका कानशिलावर बोटं मोडायच्या. "काय रंग घेतला व पोरीनं!"

तो दिवस पाचवीचा. संध्याकाळी सटवाईची पूजा करायची, आणि पूजा झाली की खोली थेट सकाळपर्यंत बंद. मध्ये कुणी दार उघडायचं नाही. थंडी पाहून पुंजाजीनं दुसरी शेगडी भरून ठेवली होती. गोजरबाईला त्या शेगडीकडे पाहवेना. का, ते तिला सांगता आलं नसतं. पण आज हे दार लागलं तर उद्या उघडल्यावर काय दिसेल? आशा जायची आपली. लेकरू पण जायचं. हे तिला इतकं स्वच्छ वाटलं की ती तशीच नवऱ्याजवळ गेली.

"अवो, त्या खोलीतली हवा तं खराब नसन?"

बोलायला नको ते बोलली बिचारी. हवेतलं जानेफळात कुणाला कळत असेल तर ते पुंजाजीला. ज्वारीची पेवं उघडायला त्याला साखरखेर्ड्यापर्यंतून बोलावणं यायचं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. ते महिनोन्महिने बंद राहिलं की आतली हवा मारकी होते, उतरलेला माणूस वर येत नाही. पुंजाजी आधी दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणाच्या बापालाही उतरू द्यायचा नाही. तीस वर्षांत त्याच्या देखरेखीत एक माणूस दगावला नव्हता, आणि ही काही लहान गोष्ट नाही.

"हवा? मले सांगून राह्यली हवेचं?" तो गुरगुरला. पण माणूस सच्चा. उठला, कंदील पेटवला आणि खोलीत आला. चारी कोपऱ्यांत धरला, बाजेखाली धरला, जमिनीला टेकवला. ज्योत सरळ, पिवळीधमक, जराही दबली नाही. "पाह्य. दिवा जळून राह्यला का नाई? उगाच भलतंसलतं डोक्यात घेऊन बसते."

गोजरबाईला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, लाजही वाटली. एवढ्या जाणत्या माणसाला आपण शिकवायला गेलो! दार उघडं होतं तेवढ्यात भुरीनं लटपटत दोन पिलं बाहेर नेलीच, आणि अंगणात जाऊन आडवी झाली. तिसरं न्यायचं बळ तिच्यात राहिलं नसावं. राहू दे, नंतर आणू म्हणून गोजरबाईनं दुसरी शेगडी आत सरकवली, कंदील कोनाड्यात ठेवला, दार ओढलं आणि पूजेच्या स्वयंपाकाला लागली.

तासाभरानं ती पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. टोपल्यात तिसरं पिलू निपचित होतं. उचललं तर मान लोंबली. गोजरबाईनं मेलेली जनावरं काय थोडी पाहिली होती? वासरं, शेळीची करडं, सगळं झालं होतं. मेलं की ओठ पांढरे पडतात, नाहीतर निळे. ह्या पिलाचं तोंड गुलाबी होतं. पायांचे तळवे गुलाबी होते. तिनं उघड्या दारातून अंगणात पाहिलं. थंडीत नेलेली दोन पिलं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत होती आणि भुरी उठून त्यांना चाटत होती. उबेत ठेवलेलं मेलं आणि गारठ्यातली जगली. मग तिनं आपल्या नातीच्या गालांकडं पाहिलं.

कोनाड्यात दिवा जळत होता आणि हातात पिलू मेलेलं होतं. दोन्ही खरं होतं.

पुढं मेहकरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की कोंडलेल्या जागेत कोळशाच्या विस्तवातून एक विष निघतं. त्याला धूर नाही, वास नाही, रंग नाही. दिवा त्यात खुशाल जळतो, जीव मात्र आतून गुदमरतो, आणि मरताना कधी कधी माणूस गुलाबी दिसतो. गोजरबाईला ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की मांजर कालपासून सांगत होती आणि आपण तिला कडी लावत होतो.

तिनं लेकराला पदरात गुंडाळलं आणि पूजेला आलेल्या शेजारच्या मंजुळाबाईच्या हातांत बाहेर दिलं. मग आशाला काखेत धरून ओढलं. पोर पोत्यासारखी जड झालेली. उंबऱ्यावर तिचे पाय घासले, तरी गोजरबाई थांबली नाही.

सत्यभामाबाई फाटकातूनच किंचाळली. "अव गोजरे, पोरीले मारतं का! पाचवीची बायतीन, वारं लागन ना तिले!"

"लागू द्या! वारंच लागू द्या तिले!"

गोठ्यातून पुंजाजी धावत आला. अंगणात आळीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. त्यानं एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "आत घे तिले."

"नाई."

पंचवीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यानं तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तोही चारचौघींत. "दिवा दाखवला ना मी तुले?"

"दिव्याले काय कयते? दिव्याले काय जीव हाये?"

पुंजाजी काळाठिक्कर पडला. "बरं," तो म्हणाला. "मी बसतो आत. अस्सा बसतो त्या शेगड्यायजवळ. सांजलोक मले काई झालं नाई तं पोरीले आत घ्याची, अन् जलमभर पुन्हा माह्यासमोर तोंड उघडू नोको." तो आत गेला. दार लागलं. आतून अडसर घातल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

गोजरबाईला त्या वेळी त्याचं काही सुचलंच नाही. आशा उन्हात गोधडीवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले. बऱ्याच वेळानं तिला भडभडून उलटी झाली आणि ती "माय" म्हणाली. पण लेकरू गप्पच होतं. मंजुळाबाईनं तळवे चोळले. देवाचं नाव घेतलं, गाल थोपटले. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढायला लागलं. "रड व माय," गोजरबाई म्हणत होती, "एकदा रड, मंग काई मांगनार नाई तुले." सत्यभामाबाई मघापासून बडबडत होती ती कधी गप्प झाली कळलं नाही. ती पुढं झाली, लेकरू पालथं हातावर घेतलं, पाठीवरून बोटं फिरवली, तळव्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. पुन्हा. आणि लेकरू कण्हलं, कण्हलं आणि मोठ्यानं टाहो फोडला.

अख्खी आळी रडायला लागली. गोजरबाई तर हुंदके देत जमिनीवरच बसली. हसणं कुठलं आणि रडणं कुठलं ते ओळखू येईना. त्या गलक्यात मंजुळाबाईनं विचारलं, "पुंजाजीभाऊ कुठी हायेत?"

गोजरबाई दाराशी धावली. हाका मारल्या, थापा मारल्या. आतून उत्तर नाही. रागाच्या भरात आपण ह्या माणसाला मरायला पाठवलं, असं तिला वाटलं, आणि ती खिडकीकडे पळाली. दोन्ही हातांनी गोणपाट उपसून काढलं. गजांतून पाहिलं तर आत पुंजाजी भिंतीला टेकून बसला होता, हनुवटी छातीवर.

"पहार आना कोनी! पहार आना!"

शेजारचा रंगराव पहार घेऊन आला. दार काही केल्या हलेना. बांधलंच होतं तसं. चार माणसांनी घाव घातले तेव्हा कुठं अडसर तुटला. पुंजाजीला पाय धरून अंगणात ओढला. श्वास होता, पण नावाला. गोजरबाईनं सगळ्यांसमोर त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिली. रंगराव डॉक्टरला आणायला बैलगाडी जुंपून मेहकरकडे निघाला.

दिवेलागणीला पुंजाजीनं डोळे उघडले. ओकला. उठायला गेला आणि पडला. ओसरीवर आशा भिंतीला टेकून लेकराला पाजत होती. तो तिच्याकडं नुसता पाहत राहिला. मग रडायला लागला, हुंदके आवरेनात. "मी तिले आत घाल म्हनत व्हतो," तो म्हणाला. "गोजर, मी तिले आत घाल म्हनत व्हतो."

पाचवीची पूजा त्या दिवशी ओसरीवर झाली, उघड्यावर, तीन गोधड्या पांघरून. सत्यभामाबाईनंच मांडली आणि वाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पूजा आटोपते न आटोपते तोच धप्प आवाज आला. पुंजाजी पहार घेऊन नव्या खोलीच्या भिंतीला भिडला होता. एक घाव घालायचा, भिंतीला डोकं टेकून दम खायचा, पुन्हा घालायचा. बायका म्हणाल्या, भाऊ, उद्या करा, अंगात जीव नाही तुमच्या. त्यानं ऐकलं नाही. गिलावा ढासळला, विटा निखळल्या, हात जाईल एवढं भगदाड पडलं.

तो थांबला आणि वळून बायकोकडं पाहिलं.

"केवढं पाडू?"

लग्न झाल्यापासून त्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. गोजरबाईनं नातीला खांद्यावर घेतलं आणि जरा पुढं जाऊन त्या भगदाडाकडं नीट पाहिलं.

"पाडत ऱ्हा," ती म्हणाली. "पुरे झालं म्हंजे मी सांगीन."